आजारी पडणं गुन्हा नाही

(कुही येथे प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



2020 चं वर्ष आठवते ना? मिरचीचे सातरे बंद, गटाचे हप्ते थांबलेले, गावाच्या वाटेवर काट्या. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. आमच्या गटातल्या एका बहिणीने चार दिवस ताप अंगावर काढला. आशाताई दारात आली, तर "घरी सगळे बरे आहेत" म्हणाली. ती वाचली, सासू गेली. नंतर मला म्हणाली, "ताई, पोलीस नेतील म्हणून भ्यायले."

म्हणून कायदा काय म्हणतो ते आज नीट समजून घेऊ.

साथरोग कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगनंतर केलेला. साथीत सरकारने काढलेला आदेश मोडला तर त्यात शिक्षा आहे. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जिवावर बेतणारा आजार निष्काळजीपणाने पसरेल असं वागलं, तर कलम 271 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जाणूनबुजून, वाईट हेतूने केलं तर कलम 272, दोन वर्षांपर्यंत.

पण बायांनो, आजारी पडणं हा गुन्हा नाही. नुसता संशयही पुरत नाही. 2020 मध्ये नागपुरात म्यानमारच्या आठ नागरिकांवर साथ पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला. त्यांच्या चाचण्या तर निगेटिव्ह होत्या. त्यांनी संसर्ग पसरवल्याचा पुरावा नाही म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर 2020 मध्ये तो गुन्हा रद्द केला.

आता दुसरी बाजू. साथीच्या कामावरच्या डॉक्टर, नर्स, आशाताईवर हात उचलला तर 2020 च्या दुरुस्तीप्रमाणे तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे. सामानाची मोडतोड केली तर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई. "आमच्या घरात राहू नको" म्हणून नर्सबाईला छळणं, तेही यातच येते.

आशाताई आपल्याच गावची लेक, आपल्याच गावची सून. तिच्या अंगावर धावून जाणारा नवरा किंवा पोरगा आपल्याच घरचा असतो. त्याला आधी आपणच आवरायचं. नाही ऐकलं तर 112 लावायचा. "घरचाच आहे" म्हणून झाकायचं नाही.

पण पोलिसांच्या भीतीने ताप दिसत नाही, तो लपतो. बाई का लपवते? मजुरी बुडते, हप्ता थकतो, शेजारी वाळीत टाकतात. यातलं बरंचसं आपल्या गटाच्या हातात आहे. म्हणून पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात तीन गोष्टी लिहा. साथीत घरी आजारी माणूस असेल, तर त्या बहिणीचा हप्ता महिनाभर पुढे ढकलू. तांदूळ, डाळ, भाजी तिच्या दारापर्यंत पोचवू. आणि तिचं नाव चावडीवर घेणार नाही, फक्त आशाताईला सांगू.

कोणावर खोटा गुन्हा लागला, तर बाईला वकील फुकट मिळतो, कमाई किती ते विचारत नाहीत. त्यासाठी 15100 हा विधी सेवेचा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

त्या सासूबाईंना मी रोज पाणी भरताना पाहत होते. पुन्हा एखादी सासू नुसत्या भीतीपायी जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.