डोंगरवाट आखताना

शाळेत दक्षिण अमेरिकेचा धडा येतो, तेव्हा अँडीज पर्वत आपण दोन वाक्यांत उरकतो. सर्वांत उंच शिखर आकोंकाग्वा, उंची ६९६१ मीटर, की पुढचं पान! पण त्या पर्वतातून आठवडाभर पायी जायचे ठरवले, तर वाट कशी आखाल? तिथे नुसते किलोमीटर मोजून भागत नाही, मुक्काम मोजावे लागतात. ५५०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा होतो. म्हणून ३००० मीटर ओलांडले, की आजचा मुक्काम कालच्याहून ५०० मीटरांपेक्षा अधिक उंच करू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा दंडक आहे. जुन्या इंका राजवटीने तिथे रस्ते बांधले, तेव्हा त्यांवरही साधारण दिवसाच्या चालीवर उतारशाळा ठेवल्या होत्या.

आपल्याकडे श्वासाची ही अडचण नाही. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत सर्वांत उंच ते कळसूबाई, १६४६ मीटर. आपला हिशेब पाण्याचा आणि उन्हाचा. तो मी कसा शिकलो, ते सांगतो. त्यात फुशारकी काहीच नाही.

आपल्या मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेला तैलबैल्याच्या दोन उभ्या भिंती आहेत. तिथल्या पठारावरून कोकणात दोन जुन्या वाटा उतरतात. सवाष्णी घाट सुधागडाकडे धोंडशाला जातो, तर वाघजाई घाट ठाणाळ्याला. एका मार्चमध्ये मी दहा मुले घेऊन निघालो. बेत असा, की सकाळी सवाष्णीने उतरायचे, पायथ्याने ठाणाळ्याला जायचे आणि त्याच दिवशी वाघजाईने वर यायचे. अंतर नकाशावर दोऱ्याने मोजले. वेळेसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम लावला: तासाला पाच किलोमीटर, आणि ६०० मीटर चढणीला एक तास जादा. कागदावर सगळे झकास जमले.

चढणीला लागलो तेव्हा दोन वाजले होते. आता पाहा, सह्याद्रीचा कडा कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी त्याच्यावर सावली असते. दुपारनंतर तो तव्यासारखा तापतो. ही गोष्ट मी वर्गात शिकवतो, आणि नेमकी तीच विसरलो! नकाशात चढणीवर एक ओढा होता, त्यावर मी भिस्त ठेवली होती. पण तो काळ्या रेषेने काढला होता. सर्वेक्षण खात्याच्या नकाशात पाणी असते तिथे निळी रेघ. काळी रेघ म्हणजे कोरडे पात्र. मी रेघ पाहिली, रंग पाहिला नाही.

अर्ध्या चढावर एका मुलाला ओकारी झाली, तो खाली बसला. ओठ कोरडे, डोळे खोल. बाटल्यांत मिळून तांब्याभर पाणी उरले होते, ते सगळे त्याला दिले. सावलीत तासभर थांबून त्याला हाताला धरून वर आणले, तेव्हा दिवस मावळला होता. पठारावर धनगराचे एक घर होते. म्हातारीने हंडा पुढे केला आणि मला म्हणाली, "मास्तर, ह्या वाटंनं दुपारचं आमची ढोरंबी चढत न्हाईत."

पुढच्या खेपेला डिसेंबर निवडला. म्हातारीलाच आधी विचारले: कोणते पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते? तिचे उत्तर नकाशावर पेन्सिलीने लिहून घेतले. बेत उलटा नाही केला, फक्त तोडला: पहिल्या दिवशी उतरून ठाणाळ्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडताच चढण. माणशी चार लिटर पाणी पायथ्यालाच भरून घेतले. नेस्मिथच्या वेळेची मी सरळ दुप्पट केली. तो नियम थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा, आठवीच्या पोराचा नव्हे. दरीत मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून मुलांची नावे आणि वर पोचण्याची वेळ लिहून एक चिठ्ठी तैलबैल्यात ठेवली. ठरल्या वेळी पोचलो नाही, तर गावकरी खाली उतरणार होते.

नऊच्या आत आम्ही पठारावर होतो. कड्यावर अजून सावलीच होती. म्हातारीकडे ताक प्यायलो आणि चिठ्ठी परत घेतली.