जुनी कलमे तोडू नका, छाटा



पेण-रोह्याच्या वाड्यांतून फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, आजोबांच्या हातची कलमे आहेत. उंच गेली, आंबा धरत नाहीत. लाकूडवाला मागतोय. देऊन टाकू का?" उत्तर देण्याआधी फ्रान्स देशातली एक गोष्ट सांगतो.

तिथे द्राक्षापासून लाल वाइन करतात. काही बाटल्यांवर 'जुन्या वेली' असे मुद्दाम छापतात आणि तो माल बहुधा चढ्या भावाने जातो. वेल किती वर्षांची झाली म्हणजे जुनी, हे तिथल्या कायद्याने ठरवलेले नाही. पण पन्नास वर्षांच्या, क्वचित शंभरी गाठलेल्या वेलीही तिथे राखल्या आहेत. त्यांना घड कमी लागतात; पण मुळे खोल असल्याने त्या पाण्याचा ताण सोसतात आणि थोड्या घडांत रस दाट उतरतो, असा तिथल्या बागायतदारांचा अनुभव.

तुम्ही म्हणाल, साहेब दारूचे कौतुक सांगायला आले! तसे नाही. घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. वेल कितीही जुनी असो, दर वर्षी तिची छाटणी होते, कारण द्राक्ष लागते ते नव्या फुटीवर. म्हणजे मूळ जुने, फांदी नवी.

आपण मात्र कलम लावले आणि पन्नास वर्षे करवत लावली नाही. फांद्या एकमेकींत घुसल्या, आत ऊन पोचेना, मोहोर फक्त शेंड्याला. तिथवर फवारा जात नाही, झेलाही जात नाही. मुळे धडधाकट आहेत, झाड उन्हावाचून अडले आहे.

तेव्हा असे करा. आधी झाडे पाहून घ्या. खोड पोकळ किंवा मर लागलेली असेल तर तिथे नवे कलम लावा. बाकीची राखा. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मधली उंच फांदी काढून झाडाच्या पोटात ऊन येऊ द्या. बाजूच्या फांद्या आखूड करा. काप करवतीने घ्या, कोयत्याने फांदी चिरते. त्याच दिवशी कापावर बोर्डो मलम लावा : मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग मिसळा. लोखंडी भांडे नको. बुंध्याशी भुसा दिसला तर भिरूड समजा आणि तारेने अळी काढा. फूट भरपूर येईल. जोमदार, बाहेर जाणारी ठेवून बाकीची विरळ करा.

खरे सांगायचे तर छाटलेले झाड दोनेक वर्षे आंबा देत नाही. म्हणून सगळी बाग एकदम छाटू नका. एक ओळ यंदा, दुसरी नंतर. मोकळ्या झालेल्या जमिनीत वाल घ्या, तेवढाच आधार.

दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने या कामाला पुनरुज्जीवन म्हटले आहे. पहिल्या झाडाला करवत लावण्यापूर्वी किल्ला-रोह्याच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषि कार्यालयात चौकशी करा.

लाकडाचे पैसे एकदाच मिळतात. खोल गेलेले मूळ मात्र पैसे टाकून विकत मिळत नाही. ते तुमच्या आजोबांनी दिले आहे.