जुन्या कॉम्प्युटरला पपीची साथ

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि घरोघरचे जुने कॉम्प्युटर माळ्यावर जायला लागले. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा.

ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ‘पपी लिनक्स’ ही अशा जुन्या कॉम्प्युटरवरही चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. तिचं बोधचिन्ह त्यांचाच चिवावा कुत्रा! ही अख्खी प्रणाली काहीशे एमबींची. साध्या पेनड्राइव्हवर मावते. कॉम्प्युटर सुरू होताना ती थेट रॅममध्ये चढते आणि तिथूनच चालते. म्हणून हार्डडिस्क लहान असो, भरलेली असो, अगदी बिघडलेली असो, तिचं अडत नाही. आपलं काम एका वेगळ्या फाइलमध्ये साठतं. पहिल्यांदा बंद करताना ती फाइल बनवायची का, असं पपी विचारते. तिथे घाईत ‘नको’ म्हटलंत, तर केलेलं सगळं पुसलं गेलं म्हणून समजा.

पत्रं लिहा, हिशेब ठेवा, गाणी ऐका; मजेत चालतं. खरी भूक असते ब्राउझरची. दोन जीबी रॅमवर दहा टॅब उघडलेत, तर बिचारी पपीही धापा टाकेल.