रूट असलात तरी खूण सांगा!

लोहगड चढलात ना? गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. आता समजा, किल्लेदार स्वतः आलाय, पण पहारेकरी म्हणतो, "खूण सांगा." आजचा विषय नेमका हाच आहे.

समजा, लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या दुकानात लिनक्सवाला जुना पीसी आहे. डिस्क भरली. मालकाचा पोरगा टर्मिनलमध्ये 'एसयू डॅश' करून रूट झाला, जीपार्टेड उघडायला गेला, तर उत्तर आलं 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. अरे, रूट म्हणजे सगळ्याचा मालक ना?

मालक खरा, पण पडदा लॉगिन केलेल्या यूजरचा. एक्स सर्व्हर खूण मागतो, तिला मॅजिक कुकी म्हणतात. ती सहसा यूजरच्या होम फोल्डरमध्ये, डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलमध्ये असते. रूटला ती वाचता येते, पण तो शोधतो स्वतःच्या घरात. शिवाय त्या डॅशमुळे डिस्प्लेचा पत्ताही पुसला जातो.

मग कुणीतरी सांगतं, 'एक्सहोस्ट प्लस' टाक. चालतं की! पण हे म्हणजे चारही दरवाजे सताड उघडे. त्या मशीनवरचा दुसरा कुठलाही यूजर तुमच्या पडद्याला जोडला जाऊ शकतो, तुम्ही टाईप करताय तो बँकेचा पासवर्डसुद्धा वाचू शकतो. हे मी कुणालाच सुचवणार नाही.

त्याऐवजी आपल्याच यूजरमधून, रूट न होता लिहा: एक्सहोस्ट, स्पेस, प्लस, लगेच एस आय, कोलन, लोकलयूजर, कोलन, रूट. मधे कुठेही जागा नको. आता फक्त याच मशीनवरचा रूट आत येतो. काम झालं की प्लसच्या जागी मायनस, दरवाजा बंद.

आणि काम झालं की खिडकी खरंच बंद करा हं. एक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत खोटी बटणं दाबू शकतो. रूटची खिडकी उघडी ठेवून भलतीच ॲप चालवलीत, तर ती रूटच्या हातानं काहीही करेल.

वेलँड पडद्याचा प्रोग्रामांना एकमेकांच्या खिडक्यांत असं डोकावू देत नाही. फेडोरा वर्कस्टेशननं 2016 मध्ये तो डीफॉल्ट केला, तेव्हा रूटनं चालणारा जीपार्टेड अडला होता.

आणि नुसती एखादी सेटिंगची फाइल बदलायचीय? मग रूटची खिडकी हवीच कशाला? 'सुडोएडिट' वापरा. एडिटर तुमच्याच नावानं चालतो, तुम्ही प्रतीवर काम करता, आणि सेव्ह करून बाहेर पडलात की मूळ फाइल बदलते.