मातृत्वाच्या वाटेवरील विषमता
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



पन्नास वर्षांच्या सेवाकार्याचा आनंद साजरा करण्याच्या या मंगलप्रसंगी आपण मला चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझे सारे आयुष्य ऊसपट्ट्यात गेले. म्हणून आज गौरवाबरोबरच मनाला टोचणारा एक विषयही आपल्यासमोर ठेवणार आहे.

आपल्या राज्याने मातांच्या आरोग्यात मोठी मजल मारली आहे, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या. परंतु सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. ती गावाची उंची सांगते. गावातील खड्डे दाखवीत नाही. त्याच पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांतील ४७ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४ टक्के होते. म्हणजे एकीकडे उपचारांच्या अतिरेकाची शंका यावी, आणि दुसरीकडे साधा रक्तदाबही कुणी मोजू नये, अशी स्थिती आहे.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. एका सुखवस्तू घरातील सुनेची तिसरी सोनोग्राफी करून मी नुकतीच उठले होते. घरी तिच्या डोहाळेजेवणाची तयारी चालली होती. त्याच रात्री ऊसतोडणीच्या तळावरून एका तरुण स्त्रीला आणले गेले. आठवा महिना, अंगभर सूज आणि झटके. आम्ही आईला वाचवू शकलो, बाळाला नाही. शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारले, "बाई, पाय सुजले तेव्हाच का आली नाहीस?" ती म्हणाली, "खाडा पडला असता, डॉक्टरबाई. आधीच उचल फिटंना." आठवडाभर आधी कुणी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला असता, तर कदाचित ते मूल आज शाळेत गेले असते. हे शल्य आजही माझ्या मनात आहे.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूमागील तीन विलंब सांगितले: उपचार घेण्याचा निर्णय होण्यातील विलंब, रुग्णालयात पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. या स्त्रीच्या बाबतीत पहिला विलंब अज्ञानाचा नव्हता, तो हिशेबाचा होता. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. एकीने विश्रांती घेतली की संपूर्ण कोयता थांबतो आणि मुकादमाच्या वहीत खाडा लागतो. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. पण टनावर मजुरी घेणाऱ्या या भगिनीच्या कोपीपर्यंत ती रजा पोहोचलीच नाही.

योजना नाहीत, असे नाही. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे आणि वाहन विनामूल्य आहे. २०१७ पासून पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपयांचे साहाय्य आहे. परंतु आशाताईंच्या नोंदवहीत तिचे नाव असते ते बीडकडील तिच्या गावी, आणि दिवाळीनंतर ती असते आपल्या शिवारात. गावी नोंद आहे पण ती नाही. येथे ती आहे पण नोंद नाही. या दोन गावांच्या मधल्या फटीत एक जीव निसटतो.

बंधु-भगिनींनो, तो ऊस आपल्यापैकीच अनेकांच्या शेतातला असतो. त्या साखरेचा गोडवा आपल्या घरी येतो. आहारदान आणि औषधदान यांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाने या भगिनीला परकी कसे मानावे?

मोठ्या इमारतीची अपेक्षा मी करीत नाही. तीन छोटी कामे सुचविते. हंगाम सुरू होताच संस्थेच्या स्वयंसेविकांनी प्रत्येक तळावर जाऊन गरोदर स्त्रियांची नोंद करावी आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर मातांची विशेष तपासणी असते. त्या दिवशी संस्थेचे वाहन तळावर जावे. आणि तिसरे काम पैशाचे नाही, शब्दाचे आहे. ज्याच्या शेतात तोड चालू आहे, त्याने मुकादमाला स्पष्ट सांगावे की तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. भरपाई लागली तर ती मी देईन. एका दिवसाची ती मजुरी आपल्यापैकी कुणालाही जड नाही.

पुढील पन्नास वर्षांचा अहवाल लिहिला जाईल, तेव्हा त्यात देणगीच्या आकड्यांबरोबरच सुखरूप बाळंत झालेल्या या अनाम मातांचीही संख्या असावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेते.

जय जिनेंद्र.