एका लहान वाटेचे पुनर्दर्शन



ज्युबिलीनिमित्त घरातील कपाट आवरिताना बाळ येशूच्या संत तेरेजेचे आत्मचरित्र पुन्हा आमच्या हाती आले. तरुणपणी ते मठवासिनींसाठीच आहे असे समजून आम्ही बाजूस ठेविले होते.

फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात जाण्याची तेरेजेस तळमळ होती. वय लहान म्हणून नकार मिळताच सन १८८७ मध्ये रोमला जाऊन तिने पोप तेरावे लिओ यांच्या चरणांशी विनवणी केली. १८८८ मध्ये, १५ वर्षांची असता, तिला प्रवेश मिळाला. मिशनरी, धर्मोपदेशक, हुतात्मा, सारेच व्हावे असे तिला वाटे. अखेर संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र वाचिताना उमगले की, प्रीती हेच आपले पाचारण होय.

सन १८९७ मध्ये, अवघ्या २४ वर्षांची असता, ती निवर्तली. पुढल्या वर्षी निघालेल्या पुस्तकात तिच्या सख्ख्या बहिणीने पुष्कळ फेरफार केले होते. तेरेजेचे मूळ शब्द वाचकांस लाभावयास १९५६ साल उजाडले.

हे वाचून आमची मान खाली गेली. आमच्या धाकट्या चिरंजीवास शेतीची ओढ होती. आम्ही त्यास, मायेपोटीच, कचेरीत बसविले. त्याच्या आयुष्याची वही आम्ही आमच्या अक्षरात लिहिली.

आईबापहो, देव प्रत्येक लेकरास निराळी हाक मारितो. ती त्यास ऐकू येईल इतके तरी आपण गप्प राहू या. हीच आमची ज्युबिलीची प्रार्थना.