लेखकाने धारण केलेले नाव

‘लेखकाचे नाव’ हा या साहित्य संमेलनाचा विषय वरवर किरकोळ वाटला, तरी मराठी वाङ्मयाचा मोठा इतिहास त्यात सामावलेला असल्याने त्याविषयी थोडे निवेदन करणे उचित ठरेल.

अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा, म्हणजे रचनेचा कर्ता ओळखण्याची खूण, ही मराठी कवीची जुनी स्वाक्षरी होय. मात्र ज्ञानेश्वरांची ‘बापरखुमादेविवरु’ ही मुद्रा कवीच्या नावाऐवजी विठ्ठलाचेच नाव घेते. पुढे कृष्णाजी केशव दामले वडिलांच्या नावावरून ‘केशवसुत’ झाले, तर विष्णु वामन शिरवाडकर बहीण कुसुम हिच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ झाले. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’सारखी नाटके शिरवाडकर या नावाने आणि कविता टोपणनावाने प्रसिद्ध केल्या; राम गणेश गडकरी यांनीही कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ व विनोदी लेखनासाठी ‘बाळकराम’ अशी वेगळी नावे घेतली होती. येथे टोपणनाव हे लपण्याचे साधन नसून प्रत्येक वाङ्मयप्रकाराचा निराळा स्वर राखण्याची सोय होती.

स्त्रीच्या बाबतीत मात्र टोपणनाव हा केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाही. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हा सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनाची घुसमट इतक्या उघडपणे मांडणारी ही लेखिका कोण, यावरच गदारोळ उठला आणि कथांमधील दुःखापेक्षा लिहिणारीचा शोध अनेकांना अधिक महत्त्वाचा वाटला. बाळूताई खरे, म्हणजेच विवाहानंतरच्या मालती बेडेकर, यांना त्या नावाच्या आडोशाने जे लिहिता आले ते मूळ नावाने लिहिता आले असते असे मानणे कठीण आहे. म्हणून त्या आडोशाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

घेतलेल्या नावाचा आणखी एक पैलू आत्मकथनात दिसतो. दगडू मारुती पवार यांनी दया पवार या नावाने लेखन केले. परंतु ‘बलुतं’ (1978) या आत्मकथनात शिकलासवरलेला दया पवार आणि महारवाड्यात वाढलेला दगडू यांना त्यांनी समोरासमोर बसवले, आणि दगडूलाच बोलू दिले. लेखनासाठी घेतलेल्या नावाने मागे राहिलेल्या नावाचे ऐकून घ्यावे, ही घटना मराठी गद्यात फार मोलाची आहे.

नाव निवडणे हा लिहिणाऱ्याचाच अधिकार आहे, या जाणिवेने स्वागत समितीने संमेलनाच्या स्मरणिकेत प्रत्येक निमंत्रित साहित्यिकाचे नाव त्याने वा तिने कळवले तसेच छापले आहे: कोठे माहेरचे आडनाव आहे, कोठे आडनावच नाही, कोठे केवळ टोपणनाव आहे, आणि त्यापुढे कंसात ‘मूळ नाव’ देण्याची प्रथा हेतुपुरस्सर टाळली आहे. त्या सर्व नावांचे येथे आदरपूर्वक स्वागत असो.